लाकूड गिऱ्हाइकाचं

४ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझा नंबर मी रागाच्या भरात पुसून टाकला होता. आता तो कुणाकडे मागायचा तर आधी दहा प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतील, म्हणून कागद घेतला.

कामाचंच लिहिते. कारखान्याची वेबसाइट निघाली हे मला बाहेरून कळलं. बाहेरूनच कळणार म्हणा. तिच्यावरून मी तेरा खुर्च्या मागवल्या. बारा आमच्या सोसायटीच्या वाचनालयासाठी, जे संध्याकाळी मी उघडते आणि मीच बंद करते, आणि एक घरासाठी. वाचनालयातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय फाकलेत, परवा एक आजोबा पेपरसकट खाली आले. पैसे मी लगेच भरले. ‘तुमची ऑर्डर पक्की झाली आहे’ असा मेलही आला, शेजारी हिरवी खूण. आणि काल दुसरा मेल. किंमत चुकून कमी पडली, ऑर्डर रद्द, पैसे परत करू, क्षमस्व. खाली वहिनीची सही. मला ‘प्रिय ग्राहक’ म्हटलंय.

तर प्रिय ग्राहक म्हणूनच विचारते, हे असं चालतं का? दुकानदाराने पाटी लावायची, पैसे घ्यायचे, पावती द्यायची आणि मग म्हणायचं पाटीच चुकली? गिऱ्हाइकाने ते ओळखायचं कसं? एका बऱ्यापैकी छत्रीच्या किमतीत खुर्ची मिळत होती हे खरं, पण मला वाटलं नवीन दुकान आहे, सूट असेल. हल्ली लोक काय वाटेल त्या भावात विकतात.

फोटो मात्र छान आलाय. खुर्चीची पाठ बाबांच्याच वळणाची आहे. मागच्या भिंतीवर तो भावाचा फळाही दिसतो. ‘खुर्ची’ हा शब्द अजून माझ्याच अक्षरात आहे, पुढचा आकडा तेवढा पुसून तू नवीन घातलेला दिसतोस.

खुर्च्या कधी पाठवतोस ते कळव.

तुझी बहीण


२१ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. बाबा गेल्यापासून मीही तुला एक ओळ लिहिली नव्हती, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. तरी केलीच.

इथली बातमी ऐक. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त वकील राहतात. सगळे त्यांना वकीलकाका म्हणतात. कोर्ट सुटल्यापासून त्यांचा वेळ पार्किंगच्या रेषा मोजण्यात जात होता. रद्दचा मेल आला त्या संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून वाचनालयात आले आणि म्हणाले, “हा विषय आपण सोडायचा नाही.” ज्यांनी ज्यांनी ऑर्डरी केल्या होत्या ते सगळे जमले. आमची सोसायटी, मागची सोसायटी, कुणाची मावशी, कुणाचं ऑफिस. मिळून दोनशेच्या वर खुर्च्या निघाल्या. लोकांनी हात धुऊन घेतले होते रे. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी तर टेबलासकट मागवलं आणि पक्कीचा मेल आल्याबरोबर जुनं टेबल, खुर्च्या, सगळं भंगारवाल्याला दिलं. आता त्या आणि काका जमिनीवर बसून जेवतात, आणि काकांचे गुडघे तर आधीच कुरकुरतात. काकू मला म्हणाल्या, “आम्ही काय चोरी केली का गं? लिहिलेल्या भावातच घेतलं ना?” त्यांचंही काही चूक नाही.

ग्राहक मंचात तक्रार जाणार आहे. एकाच वेळी सगळ्यांची. तुला नोटीस येईल.

आता विचारशील की आमच्या या कोपऱ्यातल्या इतक्या लोकांना तुझ्या चार दिवसांच्या वेबसाइटचा पत्ता कुणी दिला. मी दिला. सोसायटीच्या ग्रुपवर मीच लिंक टाकली. ‘खुर्च्या बघा, किंमत बघा, उशीर करू नका.’ शेवटी तो डोळे मोठे केलेला चेहराही टाकला. लोकांनी तो पुढे पाठवला, त्याला माझा इलाज नाही.

आणि आता तुझ्या कपाळावर जी आठी पडली असेल ती मला इथून दिसते, म्हणून सांगते. बाबा गेल्यावर मी वाटा मागितला तेव्हा काय झालं होतं? मी म्हणाले विकून टाक. तू म्हणालास, चालता कारखाना कापून वाटा कसा देऊ, दर महिन्याला थोडं थोडं देत जाईन. मी म्हणाले, मी काय कर्ज दिलंय तुला, हप्ते घ्यायला? आणि चप्पल घालून निघाले. तू दारापर्यंतही आला नाहीस. आला असतास तर मी थांबले असते की नाही, ते मला ठाऊक नाही, पण तू आला नाहीस.

तेव्हा खुर्च्या पाठव आणि विषय संपव. दोनशे खुर्च्यांनी कारखाना बुडत नाही.

बुडतो का?

तुझी बहीण


९ मार्च

दादा,

आज टेम्पो आला. तेरा खुर्च्या. टेम्पोवाल्याने पुठ्ठे काढून वाचनालयात रांग लावून दिली. मी सही केली, त्याला पाणी दिलं, दार लोटलं आणि मटकन खाली बसले. एवढ्या खुर्च्या समोर असून जमिनीवर.

मग वहिनीचा फोन आला. ऑर्डरमध्ये मी नंबर लिहिला होता तो घेऊन. तिचं बोलणं तसंच्या तसं लिहिते, कारण तू तिला बोलू दिलं नसशील.

“वन्सं, खुर्च्या पोचल्या का?”

“पोचल्या. पण बाकीच्यांच्या?”

“बाकीच्यांचं मंच ठरवेल ते ठरवेल. हे म्हणाले, टिल्लीच्या ऑर्डरीत चूक नाही. बाहेरच्याने लाकूड आणायचं, घरच्याला लाकूडही आपलंच, घ्यायची ती नुसती मजुरी. बाबांपासून चालत आलंय, तिला काय परका भाव लावू? चार दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. मी म्हटलं, अहो, तिकडून नोटीस आलीय, तिच्यात वन्संचंही नाव आहे. तर म्हणे, असू दे.”

मग तीच म्हणाली, “भाव मीच टाकला हो. मी ह्यांना विचारलं, किंमत काय टाकू, तर म्हणाले फळ्यावरचं टाक. मी शहाणीने फळ्यावरचं टाकलं. आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही, की लांबचं गिऱ्हाईक लाकूड कुठून आणणार.” आणि तिने फोन ठेवला. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दादा, आता खरं लिहिते.

मला माहीत होतं. नवीन दुकान, सूट, सगळ्या थापा. तो आकडा पाहिल्याबरोबर मी ओळखलं की ही फळ्यावरची मजुरी आहे. माझ्याइतकं कोण ओळखणार? गिऱ्हाईक आधी समोरच्या वखारीत जायचं, लाकूड निवडायचं, तिथेच पैसे द्यायचं, आणि मग फळी खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडून आपल्या दारात यायचं. बाबा फळीवर टकटक करून ऐकायचे आणि म्हणायचे, “लाकूड गिऱ्हाइकाचं, हात आमचे.” म्हणून आपल्या फळ्यावर कधी हाताखेरीज कशाची किंमत नव्हती. तो फळा मी लिहायचे, बाबांनी मला मोरीतल्या स्टुलावर उभं केलेलं असायचं आणि तू खडू धरून खाली. असं असून मी म्हणते मला कळलं नाही.

कळलं तेव्हा पहिल्यांदा हसू आलं. काय ही माणसं, म्हटलं. फोटोखाली वहिनीचा नंबर होता. एक फोन करायचा होता फक्त, वहिनी, आधी तो भाव काढा. फोन हातातच होता. मी नंबराच्या खालचं ‘खरेदी करा’ दाबलं. आणि दाबल्यावर असं गोड वाटलं, की लगेच ग्रुपवर लिंक टाकली. तेव्हा मी तोंडाने म्हणाले होते कारखाना विक. या वेळी बोटाने म्हणाले.

तेरावी खुर्ची मी घरी आणली. वर उचलताना हलकी वाटली. बसले, तर पाय जमिनीला टेकले. दादा, मी आयुष्यात ज्या खुर्चीवर बसले तिच्यावरून माझे पाय लोंबकळत राहिलेत. वाचनालयात, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे. फक्त बाबांनी पाय कापून दिलेल्या त्या एका खुर्चीवर टेकायचे, आणि ती तूच मोडलीस, वर उभा राहून दिवा लावताना. तू हिचेही पाय कापलेस. इतर बारा बरोबर मापाच्या आहेत, मी एकेकीवर बसून पाहिलं.

नोटिशीत माझं नाव बघून तू करवत घेतलीस आणि खुर्चीचे पाय कापलेस. मला रडू आवरत नाही आणि ह्यांना सांगता येत नाही का रडते ते.

टिल्ली


२ एप्रिल

दादा,

घोटाळा झाला. माझ्यामुळेच झाला, पण या वेळी मी काही न करता झाला.

वकीलकाका पेपर वाचायला आले आणि नवीन खुर्चीवर बसले. बसल्या बसल्या हात खाली घालून त्यांनी जोड चाचपले आणि विचारलं, “या कुठून?” मी म्हणाले, आल्या. “पूर्ण रक्कम मागितली?” नाही. “म्हणजे जाहिरातीच्या भावात दिल्या?” मी मान हलवली. ते असे उठले की चष्मा खाली पडला. “अहो, मग संपलंच की! ते म्हणतायत भाव चुकीचा होता, कुणालाही समजेल इतका चुकीचा. आणि त्याच भावात एका गिऱ्हाइकाला माल दिला! म्हणजे भाव मान्य केला. एकीला द्यायचा आणि बाकीच्यांना नाही म्हणायचं, हे मंच ऐकून घेईल होय?” संध्याकाळपर्यंत त्यांनी बारा खुर्च्यांचे फोटो काढून अर्जाला जोडले. काकूंनी सगळ्यांना चहा पाजला. मला जवळ घेऊन म्हणाल्या, “तुझ्या पायगुणाने जिंकतोय बघ.”

तू मला बहीण म्हणून दिलेल्या खुर्च्या तुझ्यावर पुरावा झाल्यात.

इथे कुणालाही माहीत नाही की मी तुझी कोण. माझं आडनाव सासरचं, आणि तुझ्याबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही. वहिनीला विचारलं, दोनशे खुर्च्यांचं लाकूड पदरचं घालायचं झालं तर? ती म्हणाली, “यंत्रं विकावी लागतील. मग जागा भाड्याने देऊ. हे कुणाच्या तरी फर्निचरच्या शोरूममध्ये खिळे मारायला जातील.” जसं मीठ संपलंय म्हणावं तसं म्हणाली.

मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “तुला कुणी विचारलंय का? नाही ना? मग तू बोलायला जाऊ नकोस. या बिल्डिंगमध्ये राहायचंय आपल्याला.” खरंच आहे त्यांचं. ज्यांच्या डब्यातला मीठमसाला उसना आणते, ज्यांच्याकडे किल्ली ठेवते, त्यांना जाऊन काय सांगू? की तुम्हाला मी मुद्दाम या भानगडीत ओढलं? की काकू, तुमचं टेबल भंगारात माझ्या रागापायी गेलं?

सुनावणी पंधरा तारखेला आहे. तुझ्या बाजूने तू एकटाच येणार असं वहिनी म्हणाली. वकील परवडत नाही.

मी येणार आहे, तक्रारदारांच्या बाकावर माझी जागा आहे. तिथे बसून काय करेन ते आज मला माहीत नाही. तुझ्यापाशी खोटं धाडस दाखवत नाही.

टिल्ली


१७ एप्रिल, समोरच्या वखारीतून

दादा,

परवा तू निकाल ऐकून खाली मान घालून निघून गेलास. वहिनी म्हणाली तुझी बस होती. पुढच्या गाडीपर्यंत थांबला असतास तरी मला काही बोलता आलं नसतं, कारण जे होतं ते सगळं आत बोलून झालं होतं. पण तू एका कोपऱ्यात आणि मी आमच्या लोकांत, मध्ये चार पंखे घरघर करत होते. तुला किती ऐकू आलं कुणास ठाऊक. म्हणून लिहून देते.

अध्यक्षबाईंनी तुला विचारलं, तुमच्या म्हणण्याप्रमाणे भाव चुकीचा होता, तर मग यांना तेरा खुर्च्या त्याच भावात कशा दिल्या? आणि तू काय म्हणालास? “दिल्या.” बस. पुन्हा विचारलं, का दिल्या? “द्यायच्या होत्या.” दादा, बहीण आहे म्हणून दिल्या, एवढे चार शब्द बोलला असतास तर सुटला असतास. तू माझ्याकडे बघितलंससुद्धा नाहीस, कुणाला कळू नये म्हणून. कारखाना जायला निघाला तरी मला शेजाऱ्यांसमोर खाली बघायला लागू नये म्हणून.

तेव्हा मी उठले. उठले म्हणजे त्या उंच बाकावरून उडी मारली, पाय टेकत नव्हतेच. म्हणाले, मी यांची सख्खी बहीण आहे. खुर्च्या घरच्या भावात दिल्या, नुसत्या मजुरीत. आमच्या घरी तशी पद्धत आहे. साइटवर पडला तो भावही मजुरीचाच, त्यात लाकूड धरलेलंच नाही. आणि तो बघितल्याबरोबर मला ते कळलं होतं.

वकीलकाकांचा चेहरा पडला. पण वकील तो वकीलच. त्यांनी शांतपणे विचारलं, “कळलं होतं, तर मग बाई तुम्ही ऑर्डर का केली? आणि आम्हा सगळ्यांना का करायला लावली?”

मी म्हणाले, “दादाचं नुकसान व्हावं म्हणून.”

हे तुला ऐकू आलं की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचंय. पंख्याच्या आवाजात गेलं असेल तर इथे पुन्हा लिहिते. दादाचं नुकसान व्हावं म्हणून. वाचनालयासाठी नाही, स्वस्त मिळतंय म्हणून नाही. दुसरं कारण खूप शोधलं, सापडलं नाही.

पुढचं तू ऐकलंसच. माल देणं बंधनकारक नाही, पैसे परत, आणि ज्यांना पैसे मिळायला उशीर झाला त्यांना त्रासापोटी थोडी भरपाई. ती तुझ्या हलगर्जीपणाबद्दल. ते बरोबरच होतं, भाव टाकताना एकदा विचार करायला हवा होता तुम्ही दोघांनी. एवढं भांडण मला करू दे.

बिल्डिंगमध्ये सध्या माझ्याशी फक्त लिफ्ट बोलते. वाचनालयाची किल्ली त्यांनी काढून घेतली. काकूंच्या दारात गेले होते, त्यांनी दार उघडलं, मला बघितलं आणि म्हणाल्या, “आम्ही तुझं काय वाकडं केलं होतं?” आत काका जमिनीवर बसून जेवत होते. मी म्हणाले काही नाही. दार लागलं. ते दार उघडेपर्यंत मी रोज जाणार आहे.

आता इथे का आलेय ते सांगते. आज सकाळची बस धरून आले. तुझ्या दाराकडे गेले नाही, आधी वखारीत शिरले. म्हातारा वखारवाला आता नाही, त्याचा मुलगा बसतो. मी फळ्या काढायला लावल्या. टकटक करून ऐकल्या, बाबा ऐकायचे तशा. तीन नापास केल्या, तेव्हा त्याने विचारलं, ताई तुम्ही कुणाच्या? मी समोर बोट केलं.

तेरा खुर्च्यांचं लाकूड घेतलंय, जे तू तुझ्यातून घातलंस. तसंच परत येतंय. त्याच्यावर काकूंच्या एका टेबलाचं आणि चार खुर्च्यांचं. काकांचे गुडघे दुखतात, त्यांच्या खुर्चीची बैठक जरा उंच घे. पैसे वखारीत दिलेत, सगळ्या गिऱ्हाइकांनी द्यायचे असतात तिथेच.

मी फळ्यांच्या थप्पीवर बसून लिहितेय. पाय लोंबकळताहेत. इथून तुझं दार दिसतं, अर्धं उघडं आहे आणि आत रंध्याचा आवाज चालू आहे. हातगाडीवाला दोर आवळतोय. हे पत्र त्याच्याकडे देते आणि गाडीच्या मागे मागे रस्ता ओलांडते.

गिऱ्हाईक लाकूड घेऊन आलंय, दादा. भाव परक्याचा लावायचा की घरच्याचा, ते तू सांग.

टिल्ली